विरोधकाची अक्कल

आपल्याला पटेल ते बोलणारा माणूस आपल्याला हुशार वाटतो. तोच उद्या न पटणारे काही बोलला, की त्याने अक्कल गहाण टाकली, तो विकला गेला, निदान त्याचे वाचन तरी तोकडे पडले, असा निकाल आपण हातातला चहा संपायच्या आत देऊन मोकळे होतो. मत बाजूला राहते आणि माणसाच्या डोक्याचा पंचनामा सुरू होतो. यंदाच्या दिवाळी अंकातला परिसंवाद ‘मतभेद’ या विषयावर घेतला, तो या सवयीकडे जरा थांबून पाहावे म्हणून.

या सवयीचा एक मोठा दाखला आपल्या घरातच आहे. १८९० साली कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधात दगावली. तेव्हाच्या कायद्यात संमतीचे वय दहा होते. ते तिने ओलांडले असल्याने बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही आणि नवरा एका वर्षाच्या सक्तमजुरीवर सुटला. पुढच्याच वर्षी सरकारने हे वय बारा करण्याचे विधेयक आणले आणि पुण्यात रान उठले. मुलीला पहिल्यांदा ऋतू प्राप्त झाला की लगेच गर्भाधान संस्कार व्हायला हवा, अशी रूढी होती. वयाच्या बारा वर्षांआधीच ऋतू आला तर हा कायदा धर्माच्या आड येतो, असा आक्षेप होता.

या वादात समोरासमोर उभे होते रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि बाळ गंगाधर टिळक. दोघेही संस्कृताचे जाडे विद्वान, दोघांच्या हाताशी ग्रंथ तेच. गर्भाधान लांबवले तरी धर्म बुडत नाही, हे भांडारकरांनी वचने देऊन दाखवले, तर टिळकांनी वचने देऊनच ते खोडून काढले. सुधारक आगरकर या खटाटोपात फारसे रमणारे नव्हते. लहान मुलीच्या जिवाचा प्रश्न शास्त्राला विचारायचाच कशाला, ही त्यांची भूमिका होती.

आता यात अक्कल कोणाची कमी होती? टिळकांना बालविवाहाचे दुष्परिणाम कळत नव्हते म्हणावे, तर १८९०च्या ऑक्टोबरात त्यांनीच सुधारकांपुढे एक प्रतिज्ञापत्रक ठेवले होते. मुलीचे लग्न सोळाच्या आत आणि मुलाचे विसाच्या आत करू नये, हुंडा घेऊ नये, विधवांचे केशवपन करू नये, अशी कलमे त्यात होती. बारा वर्षांच्या कायद्यापेक्षा ही मागणी कितीतरी पुढची. परक्या सरकारने कायद्याच्या जोरावर आपल्या घरात शिरू नये, हा त्यांचा खरा आक्षेप होता. तो समजून न घेता त्यांना ‘प्रतिगामी’ ठरवून टाकणे सोपे आहे. मग त्यांच्या युक्तिवादाला उत्तर देण्याची जबाबदारी उरत नाही.

आमच्या मते या प्रश्नावर टिळक चुकले. स्वेच्छेची प्रतिज्ञा करायला समाज तयार होईपर्यंत थांबायला दहा वर्षांच्या मुलीपाशी वेळ नव्हता. पण ही चूक बुद्धी कमी पडल्याने झालेली नाही. तल्लख माणसाला स्वतःच्या बाजूची कारणे इतरांपेक्षा लवकर आणि अधिक नेटकी सापडतात, म्हणून तो चुकला की त्याची चूकही भक्कम तटबंदीची असते. एखाद्याच्या विद्वत्तेवर भाळून त्याचे मत स्वीकारणे आणि मत पटले नाही म्हणून त्याला मूर्ख ठरवणे, या दोन्हींत युक्तिवाद तपासायचे कष्ट वाचतात.

सुधारकांच्या वाट्याला वेगळे शेरे आले. ते इंग्रजी शिक्षणाने बिघडलेले, सरकारचे लाडके ठरले. आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली. हेतूवर संशय घेतला की पुराव्याकडे पाहावे लागत नाही, हे तेव्हाच्या पुण्याला आजच्याइतकेच ठाऊक होते.

आणि काहींची बुद्धी तर मोजायलाही कोणी घेतली नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. एकच दोष बाईच्या पदरात पाप आणि पुरुषाच्या अंगी सहज गोष्ट का ठरतो, हा त्यांचा सवाल आजही उत्तर मागतो. त्यावर टीका झाली. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही आणि आपण हे पुस्तकही विसरलो. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. कोण बोलते आहे हे पाहून काय बोलले जाते आहे ते ठरवण्याची किंमत या बाबतीत नव्वदहून अधिक वर्षे होती.

सगळीच मते सारख्या मोलाची असतात, असे आम्ही म्हणत नाही. चुकीच्या मताला चुकीचे म्हणावेच, हवे तर कठोरपणे म्हणावे. पण आपल्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायची शिस्त होती. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट रूपात सांगायचे आणि मगच खंडनाला हात घालायचा. पूर्वपक्ष ऐकून समोरच्याने ‘हो, माझे म्हणणे हेच’ अशी मान डोलावली नाही, तर आपले खंडन कितीही टाळ्या घेवो, ते भलत्याच मताचे झालेले असते.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळी अंकांच्या परंपरेने एक काम निष्ठेने केले आहे. एका व्यासपीठावर न बसणारे लेखक ती एका बांधणीत आणून बसवते.

या अंकातले काही लेख तुम्हाला पटणार नाहीत; काही आम्हालाही पटलेले नाहीत. तरीही ते छापले, कारण त्यांतला युक्तिवाद उत्तर देण्याच्या योग्यतेचा आहे. तेव्हा आम्हाला जरूर लिहा. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात लेखकाचे म्हणणे मांडा आणि दुसऱ्यापासून त्याचा समाचार घ्या. अशी पत्रे, ती आमच्यावर कितीही तुटून पडलेली असली तरी, आम्ही आनंदाने छापू.



— संपादक