तिसरा प्रश्न तिनेच विचारावा

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलं की घरात दोन प्रश्न हमखास निघतात: जीव वाचेल ना, आणि खर्च किती? तिसरा प्रश्नही विचारायला हवा. काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढणं गरजेचं आहे का?

कर्करोग स्तनातून पसरताना सहसा काखेतल्या ठरावीक एक-दोन लसिका ग्रंथींत आधी पोचतो. निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून सर्जन त्याच शोधतात आणि तपासायला काढतात. ही सेंटिनल नोड बायोप्सी. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. ५,६११ स्त्रियांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०१०मध्ये आला: बाकीच्या ग्रंथी ठेवल्याने आयुष्य घटत नाही.

सगळ्या काढल्या तर काहींचा हात कायमचा सुजतो. भाकरी थापणारा, शिलाई मशीन चालवणारा हात.

मात्र ही सवलत मुख्यतः काखेत गाठ जाणवण्याआधी येणाऱ्यांना मिळते. शरमेपायी महिने घालवले की ती हातची जाते. आणि हा प्रश्न अब्बा किंवा भाईजाननी नव्हे, अम्मीने स्वतः डॉक्टरांना विचारावा. हात तिचा आहे.