‘अंडरस्टूड’ लिहिलंत आणि होकार देऊन बसलात?



‘समजलं’ म्हणायच्या दहा इंग्रजी पद्धती शिकवणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. आय अंडरस्टँड, आय सी, गॉट इट, नोटेड, मेक्स सेन्स... यादी छान असते. पण दुकान चालवणाऱ्याने ती पाठ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण या सगळ्यांचा अर्थ एकच नाही, आणि धंद्यात त्या फरकाचे पैसे मोजावे लागतात.

मी मोजलेत. माझं पॅकेजिंगचं दुकान आहे. सुरुवातीच्या काळात बाहेरच्या राज्यातल्या एका ग्राहकाने 2,000 बॉक्सची ऑर्डर दिली, 14 रुपये नग. मेसेजच्या शेवटी एक ओळ होती, ‘पेमेंट आफ्टर 60 डेज’. मी निम्मे पैसे आधी घेतो. फोनवर बोलून घेऊ असं ठरवून मी नुसतं लिहिलं, ‘अंडरस्टूड’. मला म्हणायचं होतं, ‘तुमचं म्हणणं वाचलं.’ तो फोन करायचा राहूनच गेला. माल तयार झाल्यावर ॲडव्हान्स मागितला, तर त्यांनी माझ्याच मेसेजचा स्क्रीनशॉट पाठवला! बॉक्सवर त्यांचं नाव छापलेलं, दुसऱ्याला विकणार कसे? 28,000 रुपये दोन महिने अडकले. दिवाळीचा माल भरायला मेहुण्याकडून उसने घ्यावे लागले. चूक त्यांची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून मी तीन पायऱ्या वेगळ्या ठेवतो: मिळालं, कळलं, मान्य.

मराठीत आपण हे बरोबर करतो. गिऱ्हाईक म्हणालं, ‘उधारीवर द्या’, तर आपण म्हणतो, ‘कळलं हो, पण जमणार नाही.’ इंग्रजी आलं की मात्र गडबडतो आणि आठवेल तो शब्द टाकून मोकळे होतो.

आता नेहमी चुकणारे शब्द बघू.

‘आय नो’ म्हणजे मला आधीपासून माहीत आहे. ग्राहक सांगतोय की बरणी फुटलेली आली आणि तुम्ही लिहिता ‘आय नो’. तो म्हणेल, माहीत होतं तर पाठवली कशाला? तिथे ‘आय अंडरस्टँड’ म्हणा. तुमची अडचण माझ्या लक्षात आली, असा त्याचा सूर आहे. त्यापुढे लगेच तुम्ही काय करणार ते लिहा. नुसत्या समजून घेण्याने बरणी बदलून मिळत नाही.

‘आय सी’ म्हणजे ‘अच्छा, असं आहे होय!’ नवीन माहिती कळली, एवढंच. त्यात होकार नाही.

‘गॉट इट’ सांभाळून वापरा. ग्राहक लिहितो, ‘5,000 पाठवले, बाकी डिलिव्हरीनंतर.’ तुम्ही लिहिलं ‘गॉट इट’. म्हणजे नक्की काय? पैसे मिळाले की बोलणं कळलं? पैशांच्या बाबतीत ‘पेमेंट रिसीव्ह्ड’ लिहा, तेही खात्यात बघून.

‘नोटेड’ म्हणजे नोंद घेतली. पत्ता, साइज, रंग यासाठी उत्तम. तक्रारीला मात्र कोरडं वाटतं, आणि अटीला उत्तर म्हणून अर्धवट.

‘मेक्स सेन्स’ म्हणजे पटण्यासारखं आहे. पण पटणं वेगळं आणि ठरणं वेगळं. ठरलं असेल तरच ‘ॲग्रीड’.

तुम्ही म्हणाल, एवढा कीस कशाला काढायचा? कॅनडातलं उदाहरण सांगतो. सस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि कन्फर्म करायला सांगितलं. त्याने अंगठ्याचा इमोजी पाठवला. पुढे माल दिला नाही. तो म्हणाला, अंगठा म्हणजे करार मिळाला, एवढंच. याआधी ‘ओके’, ‘यप’ अशा उत्तरांवर त्यांचे करार झाले होते, हे कोर्टाने पाहिलं आणि 2023 मध्ये अंगठा हा होकारच धरला. भरपाई 82,000 कॅनेडियन डॉलरहून जास्त!

आपल्याकडेही भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 7 प्रमाणे स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असावा लागतो. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10ए नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झाला म्हणून करार रद्दबातल ठरत नाही. व्हॉट्सॲपवर टाकलेला शब्द हलका समजू नका.

काही जण म्हणतात, मोठ्या ग्राहकासमोर प्रश्न विचारले की आपण अडाणी दिसतो. मला उलटं वाटतं. न कळता ‘येस सर, अंडरस्टूड’ म्हणणारा दुकानदार जास्त महागात पडतो, स्वतःला आणि ग्राहकालाही. ‘प्लीज एक्सप्लेन दिस पॉइंट’ म्हणायला लाज कसली? आणि समोरच्याला मराठी किंवा हिंदी येत असेल तर सरळ त्या भाषेत विचारा. भाव, तारीख आणि पेमेंट या तीन गोष्टींना कधीच एका शब्दात उत्तर देऊ नका. पूर्ण वाक्य लिहा: ‘2,000 नग, 14 रुपये, निम्मे पैसे आधी, मान्य असल्यास कळवा.’

आज एक काम करा. ग्राहकांना पाठवलेली शेवटची पाच उत्तरं उघडा आणि प्रत्येकापुढे लिहा: मिळालं, कळलं की मान्य? जिथे तुम्हालाच सांगता येणार नाही, तिथे आजच फोन करा. मी केला नव्हता.