शाल-श्रीफळ नको, किल्ली द्या!

दरवर्षी १ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन येतो. गावोगावी मंडप पडतो. व्यासपीठावर आठ-दहा ज्येष्ठ पुरुष बसतात. त्यांना शाल मिळते, श्रीफळ मिळतं, त्यांच्या अनुभवाच्या शिदोरीबद्दल भाषणं होतात. पुढे सतरंजीवर बसवलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या वाट्याला टाळ्या वाजवणं येतं. मंडप उतरतो. आणि त्याच गावाच्या बागेतली कुलूप लावलेली खोली पुढच्या वर्षापर्यंत तशीच कुलपात राहते.

मला त्या खोलीबद्दल बोलायचं आहे.

तालुक्याच्या गावात एखादी बाग असते, आणि बागेच्या कोपऱ्यात काहीतरी बांधलेलं असतं. वाचनालय म्हणून, बालभवन म्हणून, व्यायामशाळा म्हणून, नाहीतर नुसती माळ्याची चौकी म्हणून. उद्घाटनाची संगमरवरी पाटी शाबूत असते, खिडक्यांना मात्र तावदानं नसतात. आत बाटल्या आणि पत्त्यांचे डाव. तिन्हीसांजेनंतर पोरीबाळी त्या बाजूला फिरकत नाहीत. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत कामासाठी मी अनेक वर्षं हिंडते आहे, पण हे चित्र काही या दोन गावांपुरतं नाही. आपापल्या गावाची बाग डोळ्यांपुढे आणा, तुम्हाला तुमची खोली दिसेल.

या खोल्या ओस का पडतात? बांधायला पैसा नसतो म्हणून नाही. बांधायला पैसा असतोच! कधी आमदार निधीतून, कधी कुठल्या योजनेतून. नसतो तो बांधून झाल्यावरचा पैसा. झाडलोट कोण करणार, विजेचं बिल कोण भरणार, नळ गळाला तर कोण बघणार, याची तरतूद कुणी करत नाही. बांधकामाला टेंडर असतं, फीत कापायला पुढारी असतो. झाडलोटीला दोन्ही नसतात. घरातही हेच नाही का? घर बांधल्याचं नाव एकाचं, आणि ते रोज राहतं ठेवण्याचे कष्ट दुसरीचे.

माझं म्हणणं सरळ आहे. या पडीक खोल्या म्हाताऱ्या माणसांसाठी उघडा, आणि किल्ली म्हाताऱ्या बायकांच्या हातात द्या. दुसरा भाग सोडून पहिला मान्य करणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्याशीच माझं भांडण आहे.

‘ज्येष्ठ नागरिक’ हा शब्द मोठा साळसूद आहे. त्यात बाई दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साठीपुढची माणसं १० कोटींहून जास्त होती, आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. साठीपुढच्या बायकांपैकी जवळपास निम्म्या विधवा होत्या. पुरुषांमध्ये जोडीदार गमावलेल्यांचं प्रमाण पाचात एकाहूनही कमी. म्हणजे म्हातारपण हा मुख्यतः बाईचा, त्यातही एकट्या बाईचा प्रश्न आहे. पण ‘ज्येष्ठांसाठी कट्टा’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो धोतर-टोपीतला नाहीतर पँट-शर्टातला पेपर वाचणारा पुरुष.

आणि त्या पुरुषाला जागा कमी आहेत का? पार त्याचा, चावडी त्याची, हॉटेलातलं बाकडं त्याचं. शिरूरच्या एसटी स्टँडवर किंवा दौंडच्या फलाटावर तो तासभर नुसता बसला तर त्याला कुणी विचारत नाही. म्हातारी बाई तिथे कारण नसताना बसली तर चौघं विचारतील, “काय मावशी, चुकलात का?” बाई कुठे दिसते? दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, नातवंडाला आणायला अंगणवाडीच्या दारात, भजनाला देवळात. सगळीकडे काही ना काही कामाला. नुसतं बसायला तिला जागा नाही.

या बाया आहेत कोण? १९७२ च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग होरपळला. तेव्हा पंधरा-वीस वर्षांच्या असलेल्या पोरी आज सत्तरीच्या घरात आहेत. दुष्काळी कामांवर त्यांनी खडी फोडली, तलावांच्या भरावावर पाट्या वाहिल्या. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. कामावर प्यायला पाणी हवं, सावली हवी, लेकराला सांभाळायची सोय हवी, हे शासनाला तेव्हा मान्य करावं लागलं. मग ऊस आला, कारखाने आले. खुरपणी, लावणी, बांधणी याच बायांनी केली. ज्यांच्या घामावर हा भाग उभा राहिला त्यांना ना फंड, ना ग्रॅच्युइटी, ना निवृत्ती. कामावर होत्या तेव्हा कायद्याने सावली कबूल केली. काम थांबल्यावर सावलीचा हक्कही संपला काय?

शासन म्हणेल, आम्ही पैसे देतो. देता, पण कसे? श्रावणबाळ योजनेत दरमहा १५०० रुपये मिळतात, पण निराधारपणाचे दाखले जोडून. त्यातला केंद्राचा वाटा ८० वर्षांखालच्यांसाठी वर्षानुवर्षं २०० रुपयांवरच अडलेला. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, तिची वयाची अट २१ ते ६५. पासष्ट उलटली की बहीणपण संपलं! तिथून पुढे निराधार असल्याचं सिद्ध करा, तरच पैसे. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून फुकट प्रवास आहे, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. चांगलंच आहे. पण न्हावऱ्याहून शिरूरला नाहीतर पाटसहून दौंडला आलेल्या बाईने बाजार-दवाखाना उरकल्यावर परतीच्या गाडीपर्यंत टेकायचं कुठे? लघवीला जायचं कुठे? गावाला यायचं म्हणून सकाळपासून पाणी न पिणाऱ्या किती बाया आहेत, हे आपण साऱ्याजणी जाणतो.

आता आक्षेपांकडे येऊ.

पहिला आक्षेप संस्कृतीचा. “घर भरलेलं असताना म्हातारीला बाहेर जागा कशाला? ही पाश्चात्त्य थेरं.” घर भरलेलं असतं हे खरं, पण त्यात तिचं काय असतं? रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या कारखान्यात मुलगा पाळीला, सून कामाला, आणि नातवंडं आजीच्या गळ्यात. साठ वर्षं राबून झाल्यावर तिला मिळते ती बिनपगारी दुसरी नोकरी. ती प्रेमाने करते, पण तिला सुट्टी नाही. विधवा असेल तर हळदीकुंकवाला बोलावणं नाही, लग्नात पुढे उभं राहायचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, शासनानेही त्याच महिन्यात तो कित्ता गिरवायला ग्रामपंचायतींना सांगितलं. ठराव झाला, पण विधवेने बसायचं कुठे हा प्रश्न राहिलाच. बागेतली खोली कुठल्या देवळाची नाही, जातीच्या समाजमंदिराची नाही, पक्षाच्या कार्यालयाची नाही. म्हणून तर ती हवी! तिथे मराठा, दलित, मुसलमान, धनगर बाई एका सतरंजीवर बसू शकते. आपोआप बसणार नाही, बसवावं लागेल. पण निदान जागा तरी कुणा एकाची नसेल.

दुसरा आक्षेप: “वृद्धाश्रम आहेत की.” २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने जिल्ह्यागणिक निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम कल्पिला. ज्यांना कुणीच नाही त्यांना तो लागेलच. पण बहुतेक बायांना घर सोडायचं नाही, दिवसातले चार तास घराबाहेर हवेत. केरळमध्ये स्थानिक संस्थांच्या मदतीने दिवसा येऊन संध्याकाळी घरी जायची ‘पकल वीडू’, म्हणजे दिवसाची घरं चालतात. पुणे शहरात महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत. मग शिरूर-दौंडच्या बाईने काय पाप केलं?

तिसरा आक्षेप सगळ्यात चलाख: “खोली उघडली तरी बायका येतच नाहीत.” का येतील? खोली उघडते सकाळी सहा ते आठ, म्हणजे पुरुषांच्या फिरण्याच्या वेळी. त्या वेळी बाई चुलीपाशी असते. आत असतात कॅरम आणि वर्तमानपत्रं, जिला शाळेचं तोंड बघू दिलं नाही तिला त्यांचा काय उपयोग? संडास नाही, असला तर त्याला कडी नाही. सगळी गैरसोय आधी करून ठेवायची आणि मग म्हणायचं, बायकांना आवड नाही!

पैसे नाहीत, हा आक्षेप मी धरतच नाही. नवीन इमारत कुणी मागितलेली नाही. आहे ती दुरुस्त करायची आहे.

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीलाही चार शब्द. हुंडाबळींविरुद्धच्या लढ्यात, १९८३ साली ४९८अ कलम आलं त्या काळात, आपल्या पथनाट्यांत म्हातारी बाई आली ती बहुतेक सासू म्हणून. ते त्या वेळी गरजेचंच होतं. पण तेव्हाची छळलेली सून आज साठी-सत्तरीची आहे. तिने आयुष्यात कधी स्वतःची जागा पाहिली नाही, ना माहेरी, ना सासरी. आता तिच्या प्रश्नाला ‘समाजकल्याण’ म्हणून बाजूला सारू नका. हा सार्वजनिक जागेवरच्या हक्काचा प्रश्न आहे.

आणि हे आपल्या मातीत नवं नाही. पुणे-दौंड रेल्वेवरचं केडगाव दौंड तालुक्यातच आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात कुणालाही नको असलेल्या मुली आणि विधवांना पंडिता रमाबाईंनी तिथे आणलं, आणि मुक्ती सदन उभं राहिलं. दयेचं अन्नछत्र घालून त्या थांबल्या नाहीत. बाया शेती करत होत्या, विणत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. जागा बायांची आणि कारभारही बायांचा, हे या तालुक्याने सव्वाशे वर्षांपूर्वी पाहिलं आहे. आज एका खोलीची किल्ली मागताना आपण का लाजावं?

तर मागण्या अशा:

एक. खोलीची मालकी नगरपरिषदेचीच राहावी. भाडेपट्टा नको, ठेकेदार नको. एकदा ठेका दिला की चार वर्षांत तिथे मंगल कार्यालय होतं. कारभार पाहणाऱ्या समितीत निदान निम्म्याहून जास्त म्हाताऱ्या बाया असाव्यात, आणि किल्ली त्यांच्याकडे.

दोन. उघडण्याआधी इमारतीची तपासणी इंजिनिअरकडून करून घ्यावी. गळक्या स्लॅबखाली कुणाला बसवू नये. पायऱ्यांना कठडा, शेजारी उतार, आणि सगळ्यात आधी संडास. बसायच्या भांड्याचा, धरायला दांडा असलेला, पाणी आणि आतून कडी असलेला. संडास झाल्याशिवाय फीत कापू देऊ नका.

तीन. वेळ दुपारी बारा ते पाच. घरचं आवरल्यावरची आणि संध्याकाळच्या चुलीआधीची.

चार. झाडलोट आणि देखरेख करणाऱ्या बाईला किमान वेतन. मानधन नको. अंगणवाडी आणि आशाताईंच्या बाबतीत ‘मानधन’ या गोंडस शब्दाचा अर्थ आपल्याला पुरता कळला आहे. हा खर्च दरवर्षी अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावा.

पाच. ही खोली पाळणाघर होणार नाही. नातवंड बरोबर आलं तर येऊ दे, पण आजीच्या विसाव्याची किंमत म्हणून नको.

सहा. आठवड्यातून एकदा नर्सताईंनी यावं. महिन्यातून एकदा कायद्याची माहिती मिळावी. २००७ च्या कायद्याखाली म्हातारी आई पोटगी मागू शकते, आणि सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं व सांभाळ झाला नाही तर ते रद्द करून घेऊ शकते. किती जणींनी कुठे कुठे अंगठे उठवले आहेत ते चार बाया एकत्र बसल्या की बाहेर येतं. घरात ते कधीच येत नाही.

नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. त्याआधी काही वर्षं प्रशासकाचं राज्य होतं, दाद मागायला लोकप्रतिनिधी नव्हता. ती सबब आता उरलेली नाही. निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. त्या जागांसाठी आपण भांडलो होतो, तेव्हा निवडून आलेल्या ताईंच्या दारात जाण्याचा पहिला हक्क आपला. महिला-बालकल्याणाचा निधी दरवर्षी शिलाई मशीनवरच का संपतो, तेही विचारू या.

प्रत्येक गटाने एवढं करावं. आपल्या गावातली एक बंद खोली शोधा. कधी बांधली, कुणाच्या निधीतून, किती खर्च झाला आणि ती बंद का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग गल्लीतल्या दहा म्हाताऱ्या बायांना घेऊन ती खोली बघून या. त्यांना तिथे काय हवं ते त्यांनाच विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. तो कागद त्यांच्याच हातांनी मुख्याधिकाऱ्यांना द्या, पोच घ्या. काय उत्तर मिळालं ते पुढच्या अंकासाठी आम्हाला कळवा. उत्तर मिळालं नाही, तर तेही कळवा.