"सरकार तर आपल्याकडेही आहे"

पोस्ट जरा लांबली आहे, पण पुणेकरांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

आई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे सनीव्हेलला आली आहे. गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याआधी कित्येक वर्षं ती कोथरूडच्या बाजूने रोज सकाळी वेताळ टेकडी चढायची. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, चाला, पण सपाटीवर चाला. आता सपाटीवर कुठे चालायचं? फुटपाथवर दुचाक्या उभ्या आणि मध्येच उखडलेल्या फरशा. एकदा पडली, तेव्हापासून सोसायटीच्या गच्चीवर फेऱ्या मारते. टाकीला वळसा घालून चाळीस फेऱ्या.

परवा शनिवारी तिला क्युपर्टिनोजवळच्या रँचो सॅन अँटोनियो काउंटी पार्कात नेलं. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. गाडी लावली आणि ओढ्याच्या कडेने निघालो. वाट जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंना ओकची झाडं, मध्येच रानटी टर्की आरामात रस्ता ओलांडताहेत. फाट्याफाट्यावर खांब, त्यावर वाटेचं नाव आणि अंतर. मैलभराने डीअर हॉलो फार्म नावाची जुनी वाडी लागते. तिथे शेळ्या-कोंबड्या बघत लहान पोरं रमलेली असतात. परत येताना दुसरी वाट धरली की फेरी पूर्ण. सगळं मिळून साडेतीन-चार किलोमीटर. आईने काठी टेकत, दोनदा बसत, पण पूर्ण केली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच इतकं चालली.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "अरे, तिकीट नाही, देणगीदाराच्या नावाची पाटी नाही. मग हे चालतं कशावर?"

मी म्हटलं, "सरकार करतं."

"सरकार तर आपल्याकडेही आहे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा वर्षं इथे राहतोय, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. घरी येऊन शोधलं.

1972 मध्ये सँटा क्लारा काउंटीच्या मतदारांनी मतदान करून काउंटीच्या सनदेत एक कलम घातलं. मालमत्ता करातला ठरावीक हिस्सा फक्त उद्यानांसाठी बाजूला ठेवायचा. नवा कर नाही, आहे त्याच करातला वाटा. 2016 मध्ये मतदारांनी त्याला आणखी पंधरा वर्षं वाढवून दिली. प्रमाण किती? करासाठी धरलेल्या किमतीच्या दर शंभर डॉलरमागे दीड सेंट. म्हणजे दहा लाख डॉलरच्या घरामागे वर्षाला दीडशे डॉलर. त्याच 1972 मध्ये इथल्या मतदारांनी मोकळ्या जमिनी राखण्यासाठी एक वेगळी सार्वजनिक संस्थाही उभी केली. हे पार्क आणि त्याला लागून असलेलं जंगल आज तीच सांभाळते.

इथली माणसं निसर्गाची फार मोठी भक्त आहेत म्हणून हे टिकलं, असं मला वाटत नाही. ज्या ओढ्याकाठी आम्ही चाललो त्याचं नाव पर्मनंटे क्रीक. त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला 1939 मध्ये हेन्री कायझरने शास्ता धरणाला सिमेंट पुरवण्यासाठी कारखाना काढला आणि डोंगर खणला. आज ज्या कायझर पर्मनंटे हॉस्पिटलात आपण जातो, त्याच्या नावातही हाच ओढा आहे. एकाच डोंगररांगेत एका बाजूला खाण, दुसऱ्या बाजूला आईची वाट. सगळा फरक पैसा आणि कायदा कुठे बांधून ठेवला, याचा.

आता आपली वेताळ टेकडी. तिच्यावरही जुनी दगडखाण आहे. टेकडीवर प्रेम करणारे आपल्याकडे कमी आहेत का? बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध 2023 मध्ये लोक रस्त्यावर उतरले, त्यात आईच्या ग्रुपमधल्या सत्तरीच्या बायकाही होत्या. पण आपलं प्रेम दर वेळी मोर्चातच खर्च होतं. फाइल आज थांबते, चार वर्षांनी पुन्हा उघडते. टेकडी वाचवायला दर वेळी जिंकावं लागतं, कापायला मात्र एकदाच जिंकलं की पुरतं.

कोणी म्हणेल, अमेरिकेत जागा आहे, पैसा आहे, तुलना कशाला? मान्य. आणि इथलंही सगळं गोड नाही. या पार्कात यायला गाडीच लागते, आणि शनिवारी उशिरा निघालात तर पार्किंग मिळत नाही. वेताळ टेकडीवर गोखलेनगरचा रिक्षावाला आणि पाषाणचा प्रोफेसर दोघंही घरून चालत येतात. ही श्रीमंती क्युपर्टिनोकडे नाही. म्हणूनच ती गमावणं जास्त जिव्हारी लागतं.

माझं मागणं साधं आहे. मालमत्ता कर आपणही भरतो. त्यातला एक हिस्सा, अगदी छोटा का होईना, टेकड्यांसाठी नियमानेच बांधून द्या, जो दुसरीकडे वळवता येणार नाही. आणि त्यातून सगळ्यात आधी पायथ्याशी एक सपाट, मातीची, गोल फिरून परत येणारी वाट करा. काँक्रीट नको, कारंजं नको, नामफलक तर नकोच. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की "टेकडी वाचवणार का?" असं विचारू नका, त्याला सगळेच हो म्हणतात. "किती टक्के, आणि कुठल्या नियमाने?" असं विचारा.

आई पुढच्या महिन्यात परत जातेय. काल म्हणाली, "तिकडे गेल्यावर पुन्हा गच्चीच."

तेवढ्यासाठी हे लिहिलं.