जमाखर्च : अठरा सेंटांची सवलत

निवडणूक जवळ आली की उमेदवारांना सामान्य माणसाच्या खिशाची आठवण होते. अमेरिकेसारखा श्रीमंत देशही याला अपवाद नाही. २००८ साली तेथे राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी चुरस चालली असताना पेट्रोलवरील अवघ्या अठरा सेंटांच्या करावरून मोठे रण माजले होते. आम्ही कारकुनी करणारी माणसे. भाषणापेक्षा आकड्यांवर आमचा भरवसा अधिक. म्हणून त्या वादाचा जमाखर्च आज वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम तेथील पद्धत ध्यानात घेऊ. पक्षाचा उमेदवार कोण, हे तेथे राज्याराज्यांतील मतदार मत देऊन ठरवितात. या फेरीला प्रायमरी म्हणतात. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षात सिनेटर बराक ओबामा आणि सिनेटर हिलरी क्लिंटन यांची अटीतटीची झुंज होती. रिपब्लिकन पक्षात जॉन मॅकेन यांची उमेदवारी जवळजवळ पक्की झाली होती. ६ मे रोजी इंडियाना व नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षाचे मतदान व्हायचे होते. पेट्रोलचा भाव गॅलनला साडेतीन डॉलरच्या पुढे गेला होता. गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर. तिकडे गाडीवाचून कामावर जाणे बहुतेकांना अशक्य. त्यामुळे लोक त्रासून गेले होते.

अशा वेळी मॅकेन यांनी सुचविले की, उन्हाळ्यापुरता पेट्रोलवरील केंद्रीय कर माफ करावा. क्लिंटन यांनीही तीच मागणी उचलून धरली. हा कर गॅलनला १८.४ सेंट, डिझेलवर २४.४ सेंट. हा पैसा मुख्यतः रस्ते, पूल व सार्वजनिक वाहतूक यांच्या निधीत जमा होतो. बुडणारी रक्कम तेल कंपन्यांच्या अवाच्या सवा नफ्यावर कर बसवून भरून काढू, असे क्लिंटन यांचे म्हणणे होते. मॅकेन यांच्या योजनेत असा कर नव्हता. ओबामांनी मात्र ही निव्वळ निवडणुकीची क्लृप्ती आहे असे सांगून विरोध केला. महागाईने पोळलेल्या मतदारापुढे उभे राहून करमाफीला नाही म्हणणे सोपे नव्हे.

आता हिशेब पाहू. समजा एक गाडी वर्षाला १२,००० मैल चालते आणि गॅलनला २४ मैल देते. वर्षाला ५०० गॅलन लागले. तीन महिन्यांचे १२५ गॅलन. त्यावर १८.४ सेंट प्रमाणे बचत झाली २३ डॉलर, म्हणजे दिवसाला पाव डॉलर! स्वतःचा ट्रक चालविणाऱ्याचे गणित वेगळे. वर्षाला लाख मैल धावणारा, गॅलनला सहा मैल देणारा ट्रक असेल, तर त्याचे तीन महिन्यांत हजारेक डॉलर वाचले असते. तेव्हा मागणी अगदीच पोकळ होती असे म्हणून चालणार नाही. ज्याला महिनाअखेर पै पै मोजावी लागते, त्याला तेवीस डॉलरही थोडे नसतात.

पण हे पैसे त्याच्या हाती पडले असते काय? खरी मेख येथे आहे. हा कर पंपावर उभ्या गिऱ्हाइकाकडून सरकार वसूल करीत नाही; तो वरच्या व्यापाऱ्याकडून घेतला जातो. माफी मिळते त्यालाच. उन्हाळ्यात तेल शुद्धीकरणाचे कारखाने आधीच भरपूर चालत असतात. माल वाढवता येत नाही, मागणी मात्र वाढते. मग भाव पुन्हा वर चढतो आणि माफ झालेला कर कंपन्यांच्या गल्ल्यात जाऊन बसतो. दोनशेहून अधिक अर्थतज्ज्ञांनी पत्रक काढून या योजनेला विरोध केला. त्यावर आपण अर्थतज्ज्ञांच्या मागे जाणार नाही, असे क्लिंटन यांनी दूरचित्रवाणीवर सांगून टाकले.

ओबामाही धुतल्या तांदळासारखे नव्हते. २००० साली इलिनॉय राज्याने पेट्रोलवरील विक्रीकर काही महिने थांबविला, तेव्हा तेथील सिनेटमध्ये त्यांनीच बाजूने मत दिले होते. त्या अनुभवातूनच आपण शहाणे झालो, लोकांना फायदा मिळाला नाही, असे ते सांगत. परंतु पुढे झालेल्या अभ्यासात त्या माफीचा सुमारे ७० टक्के भाग गिऱ्हाइकापर्यंत पोहोचल्याचे दिसले. एका राज्यात भाव उतरला की शेजारून माल येऊ शकतो. साऱ्या देशात एकदम माफी दिली तर तो कोठून येणार? दोन्ही बाजूंचे दावे तपासूनच घ्यावे लागतात, ते यासाठी.

याच ओबामांनी मे २००७ मध्ये मोटारींचे माहेरघर असलेल्या डेट्रॉइट शहरात जाऊन कारखानदारांना तोंडावर सांगितले होते की, कमी तेल पिणाऱ्या गाड्या बनवा. आमच्या वरच्या गाडीने २४ ऐवजी ३५ मैल दिले, तर वर्षाला १५७ गॅलन वाचतात. ३.६० डॉलर भावाने ते झाले ५६५ डॉलर, आणि तेही दरसाल. अर्थात नवी गाडी घेण्याची ऐपत गरिबाला उशिरा येते, हेही खरे.

शेवटी काय झाले? नॉर्थ कॅरोलिनात ओबामा मोठ्या फरकाने जिंकले. तेथे कृष्णवर्णीय मतदारांची त्यांना भरघोस साथ होती. इंडियानात क्लिंटन जेमतेम एका टक्क्याने निवडून आल्या. केवळ कराच्या प्रश्नावर हा कौल मिळाला असे म्हणता येणार नाही. पण सवलतीच्या घोषणेने लाट उसळली नाही, एवढे निश्चित. करमाफी झालीच नाही. तरीही सप्टेंबर २००८ मध्ये रस्त्यांच्या निधीत खडखडाट झाला आणि सरकारला तिजोरीतून आठ अब्ज डॉलर त्यात घालावे लागले. माफी दिली असती तर खड्डा आणखी खोल झाला असता.

मोह मात्र सुटत नाही. जून २०२२ मध्ये भाव पाच डॉलरला भिडला, तेव्हा ओबामांचेच जुने सहकारी, राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी तीन महिन्यांची करमाफी मागितली. तेथील संसदेने ती दिली नाही.

वाचकहो, सवलत ही वाईट गोष्ट नाही. गरिबाला ती मिळालीच पाहिजे. पण देणाऱ्याला तीन प्रश्न विचारल्याखेरीज टाळ्या वाजवू नयेत. ती नेमकी कोणाच्या हातात पडणार? तिचा खड्डा कोण भरणार? आणि मतदान उरकल्यावर ती किती दिवस टिकणार? महिन्याचा किराणा एका पगारात बसविणाऱ्या आमच्या भगिनी दुकानदाराला असे प्रश्न रोज विचारतात. तेच उमेदवारालाही विचारावेत.