छप्पर मिळाले, गावाचे काय?

दंगल झाली की आपल्याकडे एक ठरलेली गोष्ट घडते. जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या दारात चादर पसरली जाते. जकातीची रक्कम वळवली जाते. गहू, तांदूळ, भांडी, ब्लँकेटे ट्रकमध्ये भरून रवाना होतात. वर्ष-दीड वर्षाने शहराबाहेर, जिथे जमीन स्वस्त मिळते अशा जागी, एकेका खोलीच्या घरांची रांग उभी राहते. तिला कुठले तरी 'नगर' असे नाव मिळते, देणगीदारांची पाटी लागते, एखादे बुजुर्ग दुआ मागतात आणि किल्ल्या वाटल्या जातात. या सगळ्यात आम्हीही असतो. आम्हीही पावत्या फाडल्या आहेत, सामान बांधले आहे, टाळ्या वाजवल्या आहेत. ते सवाबाचे काम होते याविषयी आमच्या मनात शंका नाही. थंडीत उघड्यावर पडलेल्या माणसाला आधी छप्पर द्यायचे, वाद नंतर घालायचा, हे आम्हालाही मान्य आहे.

पण तो वाद आम्ही नंतरही घातला नाही, हीच आमची तक्रार आहे आणि ती स्वतःविरुद्ध आहे. ज्या गावातून ही माणसे हाकलली गेली तिथल्या त्यांच्या घराचे काय झाले? शेत कोण कसते? दुकानावर कोणाची पाटी आहे? कबरस्तानाच्या भिंतीची काय अवस्था आहे? हे प्रश्न किल्लीवाटपाच्या समारंभात कोणी विचारत नाही. आमचे म्हणणे सरळ आहे. परतीचा हक्क न मागता बांधलेली वसाहत हाकलणाऱ्याचेच उरलेले काम पुरे करते. त्याला गाव रिकामे हवे होते. ते रिकामेच राहील याची सोय आपण आपल्या पैशाने करून देतो.

गुजरातचेच घ्या. २००२ मध्ये दीड लाखाच्या आसपास माणसे मदतछावण्यांत होती. त्याच वर्षी छावण्या बंद करण्यात आल्या. छावणी बंद झाली म्हणजे माणसे घरी गेली, असा सरकारी हिशेब होता. ऑक्टोबर २००६ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगाचे पथक तिथे गेले, तेव्हा चाळीसहून अधिक वसाहतींत पाच हजारांवर कुटुंबे राहत असल्याचे समोर आले. पाणी नाही, रस्ता नाही, रोजगार नाही. या वसाहती सरकारने बांधलेल्या नव्हत्या. बहुतेक आपल्याच जमातींनी आणि संस्थांनी बांधल्या होत्या. अहमदाबादच्या पिराणा कचरा डेपोच्या पायथ्याशी वसलेले सिटिझन नगर त्यांतलेच. नरोडा पाटियातून जीव वाचवून आलेली माणसे तिथे कचऱ्याच्या धुरात राहिली. अनेक वसाहतींत घराची मालकी वर्षानुवर्षे बांधणाऱ्या संस्थेच्याच नावावर राहिली. म्हणजे गावातले घर गेले आणि इथलेही नावावर झाले नाही. ज्यांनी गावी परतायचा प्रयत्न केला त्यांना अनेक ठिकाणी अटी घातल्या गेल्या. खटले मागे घ्या, साक्ष फिरवा, मग या. आपण त्या अटींविरुद्ध उभे राहिलो नाही. आपण आणखी दहा खोल्या बांधल्या.

२०१३ च्या मुजफ्फरनगरने तर हे सगळे सरकारी कागदावरच आणले. उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर-शामलीच्या पट्ट्यात साठाहून अधिक माणसे मारली गेली आणि पन्नास हजारांवर विस्थापित झाली. फुगाना, लिसाढ, कुटबा-कुटबी अशा गावांतून कुटुंबे निघाली ती छावण्यांत आली. राज्य सरकारने काही गावांतल्या कुटुंबांना पाच लाख रुपये देऊ केले, पण सोबत प्रतिज्ञापत्र लिहून घेतले: आम्ही आमच्या गावी, आमच्या घरी परत जाणार नाही. सरकारचे काम नागरिकाला सुरक्षितपणे घरी पोहोचवण्याचे. इथे सरकारच पैसे मोजून तो हक्क विकत घेत होते. आणि हे सरकार आपल्याला शत्रू मानणाऱ्यांचे नव्हते, आपल्या मतांवर निवडून आलेल्यांचे होते. माणसांनी सह्या केल्या. त्यांना आम्ही दोष देत नाही. अंगावरच्या कपड्यांनिशी पळालेल्या बापाला पाच लाख म्हणजे काय, हे खुर्चीवर बसून लिहिणाऱ्याने सांगू नये. दोष त्यांच्या भोवती उभ्या असलेल्या आपल्या पुढाऱ्यांचा आहे. त्यांनी रक्कम वाढवून मागितली, पण अट काढून टाका असे ठणकावून सांगितले नाही.

आता लोक म्हणतील, परत जायचेच कोणाला आहे? ज्या शेजाऱ्याने घर पेटवले त्याच्याच शेजारी जाऊन राहायचे? हा प्रश्न खोटा नाही. पण परत जाणे आणि परत जाण्याचा हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखादे कुटुंब न जाण्याचे ठरवू शकेल, घर विकून दुसरीकडे जाईल. तो त्यांचा निर्णय. पण त्या निर्णयासाठी आधी घर त्यांच्या ताब्यात असावे लागते. ज्याच्या हाती सातबारा आहे तो निवड करतो. ज्याच्या हाती फक्त मदतीची पावती आहे त्याची निवड दुसरेच करतात.

हे अशक्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी बोस्नियाकडे पाहावे. १९९२ ते १९९५ च्या युद्धात त्या देशातली सुमारे २२ लाख माणसे घराबाहेर फेकली गेली. युद्धाआधीची लोकसंख्या ४४ लाखांच्या आत होती, म्हणजे निम्मा देश बेघर झाला. हाकलण्याची पद्धत ठरलेली होती. माणसे घालवा, मशीद पाडा, घर 'बेवारस' म्हणून कागदावर नोंदवा आणि त्यात आपल्या जमातीचे विस्थापित आणून बसवा. मग परत यायला जागाच उरत नाही. डिसेंबर १९९५ मध्ये डेटन करारावर सह्या झाल्या. त्याच्या सातव्या परिशिष्टात लिहिले गेले की प्रत्येक निर्वासिताला स्वतःच्या मूळ घरी परतण्याचा आणि हिरावलेली मालमत्ता परत मिळवण्याचा हक्क आहे, आणि जी परत देता येणार नाही तिची भरपाई मिळण्याचाही.

पहिली काही वर्षे ते परिशिष्ट कागदावरच राहिले. ज्यांनी हाकलले तेच नगरपालिकेत आणि पोलीस ठाण्यात बसले होते. मग १९९७ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधीला कायदे लागू करण्याचे आणि अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्याचे अधिकार मिळाले. युद्धकाळातले 'बेवारस मालमत्ते'चे कायदे १९९८ मध्ये रद्द झाले. नोव्हेंबर १९९९ मध्ये उच्च प्रतिनिधी वुल्फगांग पेट्रिच यांनी एका दिवसात २२ अधिकाऱ्यांना घरी पाठवले. घरवापसीत अडथळे आणणे हे त्यामागचे मोठे कारण होते. दोन लाखांहून अधिक दावे दाखल झाले. प्रश्न राजकीय वाटाघाटींतून काढून मालकीहक्काच्या कचेरीत नेला गेला. युद्धाआधी इथे कोण राहत होते? त्याला घर द्या. कब्जेदाराला गरज असेल तर त्याची सोय सरकारने करावी, मालकाने वाट पाहायची नाही. २००४ पर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक दावे निकाली निघाले आणि त्याच वर्षी परतलेल्यांचा आकडा दहा लाखांवर गेला. त्यांतले साडेचार लाखांच्या आसपास लोक अशा भागांत परतले, जिथे आता दुसऱ्या जमातीचे बहुमत होते.

यात फक्त परदेशी अधिकाऱ्यांचा हात नव्हता. प्रियेडोरजवळचे कोझाराच हे गाव १९९२ मध्ये जमीनदोस्त झाले आणि तिथल्या माणसांना ओमार्स्का, त्रनोपोल्ये अशा छळछावण्यांत डांबले गेले. तीच माणसे संघटित होऊन १९९०च्या दशकाच्या अखेरीस परतू लागली. परदेशात पांगलेल्या गावकऱ्यांनी पैसे पाठवले. आपल्याकडे आखातातून पैसे येतात तसेच. फरक एवढाच की तो पैसा गावाच्या जागीच गाव उभारण्यात गेला.

स्रेब्रेनित्साच्या वाटेवरच्या कोन्येविच पोल्ये गावातल्या एका विधवेची हकीकत तर आपल्या प्रत्येक जलशात सांगावी अशी आहे. जुलै १९९५ च्या कत्तलीत तिचा नवरा आणि वीसहून अधिक नातलग गेले. ती घरी परतली तेव्हा तिच्याच अंगणात सर्बांनी चर्च बांधलेले होते. ती वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या आणि न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिली. तिने चर्चला दगड मारला नाही आणि पैसे घेऊन गप्पही बसली नाही. २०१९ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि जून २०२१ मध्ये ते बांधकाम हटवले गेले.

बोस्निया म्हणजे जन्नत नव्हे, हेही सांगितले पाहिजे. अनेकांनी घर ताब्यात घेतले, विकले आणि निघून गेले. कारण घर मिळाले तरी नोकरी मिळाली नाही. काही शाळांत एकाच छपराखाली दोन जमातींची मुले वेगवेगळ्या वर्गांत, वेगवेगळा इतिहास शिकतात. बान्या लुकाच्या फरहादिया मशिदीच्या पायाभरणीवर ७ मे २००१ रोजी जमावाने हल्ला केला. मशीद पुन्हा उघडायला २०१६ उजाडले. पण घर परत मिळाले नसते तर यातली कोणतीच लढाई लढता आली नसती.

बोस्नियाची आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. कायदा सगळ्यांना एकच होता. बान्या लुकात सर्बांना मुस्लिमांची घरे सोडावी लागली, तशीच सारायेव्होत मुस्लिमांनाही सर्बांची घरे रिकामी करून द्यावी लागली. त्यांतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे स्वतःच हाकललेली होती. तरीही त्यांना सांगितले गेले, हे घर तुमचे नाही.

म्हणून आम्ही काश्मिरी पंडितांविषयी बोलणार आहोत. आपल्या वार्षिकांतून या विषयावर जेवढे लिहायला हवे होते तेवढे लिहिले गेलेले नाही. १९९० मध्ये खोऱ्यातून हजारो पंडित कुटुंबे निघाली ती जम्मूच्या तंबूंत राहिली. महाराष्ट्राने त्यांच्या मुलांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांत जागा ठेवल्या, ते चांगले केले. पण महाविद्यालयातली जागा म्हणजे हब्बा कदलचे घर नव्हे. घाईने, पडत्या भावात होणारी घरविक्री रोखण्यासाठी १९९७ मध्ये कायदा झाला. २००८ च्या पॅकेजमधून नोकऱ्या देऊन तरुणांना परत नेले गेले, तेही कुंपणाच्या आत. त्याच योजनेतल्या एका कर्मचाऱ्याला मे २०२२ मध्ये चाडूराच्या तहसील कचेरीत गोळ्या घातल्या गेल्या. पंडितांचे दुःख कोणी आपल्याविरुद्ध वापरतो, म्हणून ते दुःख खोटे ठरत नाही. मुजफ्फरनगरच्या लोहाराला जो हक्क आम्ही मागतो तोच श्रीनगरच्या पंडिताला आणि मणिपुरात मे २०२३ पासून विस्थापित झालेल्या मैतेई-कुकींना मागितला पाहिजे. नाहीतर आमची मागणी न्यायाची नाही, फक्त आमच्या माणसांची आहे, असे म्हणायला लोक मोकळे.

काहीजण 'हिजरत' हा शब्द पुढे करतात. घर सुटले तर सबर करा, आपल्या पैगंबरांनीही वतन सोडले होते. पण कुरआन घराबाहेर काढण्याला जुलूमच म्हणतो, आणि सूरह हजमध्ये त्याच्या लगेच पुढे मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मशिदी यांचे नाव एकत्र घेतो. हिजरतीचा इतिहासही मदिनेत थांबत नाही, तो मक्केच्या वाटेवर पुढे जातो. सबर म्हणजे हक्क सोडून देणे, हा अर्थ आपण आपल्या सोयीने काढला आहे.

मग करायचे काय? देशात अंतर्गत विस्थापितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. जातीय हिंसाचारविरोधी विधेयक २०१४ मध्ये राज्यसभेत मांडण्याआधीच बारगळले. ती मागणी पुन्हा करावी लागेल. पण तोवर हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. मदतीच्या पहिल्या ट्रकबरोबर एक वकील आणि एक कारकून गेला पाहिजे. छावणीतल्या प्रत्येक कुटुंबाची फाइल झाली पाहिजे: खरेदीखत, सातबारा, घरपट्टीची पावती, विजेचे बिल, मतदारयादीतले पान, पंचनाम्याची नक्कल, काहीच नसेल तर शेजाऱ्यांची साक्ष. गावच्या घराची घरपट्टी मालकाच्याच नावाने भरली जात राहिली पाहिजे. साक्षीदाराला खटला संपेपर्यंत खर्च मिळाला पाहिजे. आणि परतीचा हक्क सोडायला लावणाऱ्या कोणत्याही प्रतिज्ञापत्राला त्याच आठवड्यात न्यायालयात आव्हान दिले गेले पाहिजे. याला एका वसाहतीच्या निम्माही खर्च येणार नाही.

आपण महाराष्ट्रातल्यांनी हे दूरचे समजू नये. १९९२-९३ नंतर मुंबईतून मुंब्र्याला, मीरा रोडला गेलेल्या कुटुंबांतले कोणी ना कोणी आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहे. जुन्या चाळीतली खोली मातीमोल किमतीला गेली, याची चर्चा त्या घरांत आजही बंद दाराआड होते. श्रीकृष्ण आयोगाने माणसे कशी मेली ते लिहिले. कोणाची खोली कोणाकडे, कितीला गेली, हे आपणसुद्धा कधी लिहून ठेवले नाही.

पुढची वेळ येऊ नये, हीच दुआ. पण आली आणि मशिदीच्या दारात चादर पसरली गेली, तर आम्ही पैसे टाकू आणि तिथेच उभे राहून विचारू: यांच्या गावच्या घराची फाइल कोणाकडे आहे? उत्तर मिळेपर्यंत देणगीदारांची पाटी रंगवायला टाकू नका.