डेंग्यू एकदा होऊन गेलाय? मग जास्त जपा!

नरडाणेकरांनो, "आमच्याकडे डेंग्यू मागेच होऊन गेला, आता काय भीती?" असं म्हणणारं एखादं घर तुमच्या गल्लीतही असेल. त्यांना आजच गाठा. खरी भीती त्यांनाच आहे.

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार. जो होऊन गेला, तो सहसा पुन्हा होत नाही. उरलेल्या तिघांपासून मात्र संरक्षण मिळतं ते काही महिन्यांपुरतंच. पुढे त्यांतला एखादा शिरला, की पहिल्या आजारात तयार झालेली प्रतिपिंडंच त्याला पेशीत शिरायला मदत करू शकतात. म्हणून दुसऱ्या खेपेचा डेंग्यू जिवावर बेतण्याचा धोका अधिक. क्यूबात १९७७ मध्ये पहिल्या प्रकाराची साथ आली, १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची. त्या दुसऱ्या साथीत १५८ माणसं दगावली. त्यांत १०१ लेकरं होती!

आपलं गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, स्टेशन सुरत-भुसावळ मार्गावर, शेजारी एमआयडीसी. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या रक्तातून कोणता प्रकार येईल, सांगता येत नाही. विषाणूला वाटेत अडवणं तुमच्या हाती नाही, डासाला अडवणं आहे.

पाणी साठवल्याशिवाय आपलं भागत नाही, हे खरं. पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी रांजणाच्या आतल्या ओलसर कडेला अंडी घालते आणि ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून देऊ नका. आठवड्यातून एकदा रांजण, ड्रम, कूलर रिकामे करा, आतली कड काथ्याने खसाखसा घासा, उन्हात वाळवा. झाकण नसेल तर जुन्या लुगड्याचं फडकं ताणून बांधा. हौदात गप्पी मासे सोडा. हा डास दिवसा चावतो, तेव्हा मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

ताप आलाच, तर अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. डॉक्टरांना आधी हे सांगा, की याला पूर्वी डेंग्यू होऊन गेलाय. नेहमीच्या तपासणीत डेंग्यू आहे एवढंच कळतं, प्रकार कळत नाही.

आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका! तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच आजार उलटतो. पोटात कळा, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गार हातपाय, मलूल पडलेलं मूल, यांतलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा. रात्र असली तरी दवाखान्याकडे निघा.